माईंची साक्ष

अण्णांच्या खाटेशेजारचं ऑक्सिजनचं मशीन सतत घरघरत असे. माईंना त्या घरघरीची इतकी सवय झाली होती, की मशीन चालू आहे हे त्यांना जाणवतही नसे. बंद पडलं की मात्र त्या न्हाणीघरात असोत की गॅलरीत, हातातलं टाकून धावत येत. गेल्या दोन वर्षांत चार वेळा वीज गेली होती. चारही वेळा तळमजल्यावरच्या सिस्टर दुखऱ्या गुडघ्यानिशी जिना चढून आल्या, कोपऱ्यातला छोटा सिलिंडर पुढे ओढून त्यांनी नळी जोडली, आणि अण्णांच्या ओठांवरची निळी झाक जाईपर्यंत त्या खाटेशी उभ्या राहिल्या. शेवटच्या वेळी तर खाली उतरताना त्यांना कठड्यावर टेकावं लागलं होतं.

“गुडघा बदलायचाय आता,” त्या हसत म्हणाल्या होत्या. “पुढच्या महिन्याची तारीख मिळालीय. चौतीस वर्षं लोकांच्या खाटा ढकलल्या, आता माझी खाट कुणीतरी ढकलेल.”

सिस्टर एकट्या होत्या. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं, आणि त्याचं रडगाणंही त्यांनी कधी गायलं नाही. गुडघ्यासाठी पै-पै करून साठवलं होतं ते स्वतःच्या जिवावर.

माईंच्या घरात माणसं तीन. अण्णा, माई आणि त्यांचा मुलगा. मुलगा दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर प्लास्टर आणि मेणात हात बुडालेले, त्यामुळे त्याचा फोन खणात पडून असे. “कामाच्या वेळी फोन करायचा नाही, आई. घर जळत असेल तरच कर,” असं त्याने बजावून ठेवलं होतं. बिलं, बँक, कागदपत्रं ही त्याची कामं. माईंनी औषधं मागवावीत, खाटेवरची चादर बदलावी, आलेल्या-गेलेल्याला चहा द्यावा. पस्तीस वर्षांपूर्वी त्याच माईंनी एका छापखान्याचा सगळा पत्रव्यवहार सांभाळला होता, हे घरात आता कुणाच्या ध्यानात नव्हतं. खुद्द माईंच्याही नव्हतं.

आणि त्या घरात एक जुनी भानगड होती. विजेचं बिल अजूनही अण्णांच्या वडिलांच्या नावाने येत होतं. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. नाव बदलायला गेलं की अण्णांच्या धाकट्या भावाची सही लागणार, सही मागितली की घराच्या वाटणीचं भूत उठणार. म्हणून कुणी त्या वाटेला जात नसे. बिल वेळेवर भरलं जाई, कुणाचं एक पैचं देणं नव्हतं. तरी बिल आलं की माई ते घाईघाईने उचलून आत आणत. जिन्याखालच्या उघड्या पेटीत सगळ्या इमारतीची बिलं दिवस-दिवस पडलेली असत. आपल्या बिलावरचं मेलेल्या माणसाचं नाव कुणी वाचू नये, असं त्यांना वाटे.

त्या दिवशी दुपारी अडीच वाजता माईंच्या फोनवर संदेश आला.

“ग्राहकास सूचना. आपले मागील बिल अद्ययावत नसल्याने आपला वीजपुरवठा आज सायंकाळी सहा वाजता खंडित करण्यात येईल. त्वरित अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.” खाली एक नंबर होता. नंबर साधाच होता, तुमच्या-माझ्या मोबाईलसारखा. वीज देणाऱ्या ऑफिसचा नंबर बिलाच्या मागे छापलेला असतो, आणि ते बिल माईंपासून दोन हातांवर खिळ्याला टोचलेलं होतं. पण माईंची नजर बिलाकडे गेलीच नाही, ती गेली मशीनकडे.

त्यांनी नंबर लावला.

“नमस्कार आई, बोला,” पलीकडचा आवाज अगदी मायाळू होता. माईंनी चाचरत सांगितलं. त्याने दोन क्षण काही शोधल्यासारखं केलं आणि अण्णांच्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं. “हेच ना?”

माईंच्या पायाखालची जमीन सरकली. हे नाव ऑफिसखेरीज कुणाला माहीत असणार? (जिन्याखालची पेटी उघडी असते, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. फसणाऱ्याला नेमकं तेवढंच सुचत नाही, आणि नंतर ते सुचवणारे मात्र ढीगभर भेटतात.)

“हो, पण ते... ते आता नाहीत.”

“अरेरे. मग आई, हे प्रकरण जरा नाजूक आहे. मयत माणसाच्या नावावर वीज वापरणं म्हणजे गुन्हा होतो. चौकशी लागू शकते.”

“अहो, बिल भरतो आम्ही! एकही चुकलेलं नाही!”

“भरता हो, म्हणून तर मी मदत करतोय. तुम्ही मला आईसारख्या. फक्त फोन ठेवू नका, आणि कुणाला मध्ये घेऊ नका. चौकशीचं काम आहे, बाहेर गेलं की माझ्याही हातात राहणार नाही. घरी कोण आहे आत्ता?”

माईंनी सांगितलं. अण्णांचं सांगितलं, मशीनचं सांगितलं. वीज तोडू नका हो, म्हणून काकुळतीला आल्या. तो हळहळला. अण्णांना रात्री झोप लागते का, असं विचारलं. मदतीला कुणी आहे का, असंही विचारलं. गेल्या कित्येक दिवसांत माईंना असं कुणी विचारलं नव्हतं. त्या सांगत गेल्या. खाली सिस्टर आहेत, देवमाणूस आहे, एकटीच असते बिचारी, पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे.

“वा, वा,” तो म्हणाला. “अशी माणसं भेटत नाहीत हल्ली.”

मग त्याने एक ॲप फोनवर घ्यायला लावलं. त्यातून माईंच्या फोनवर दिसणारं सगळं, साठवलेले नंबरसुद्धा, त्याला तिकडे बसून दिसू लागलं, हे त्यांना कसं कळावं? “आता नोंद पक्की व्हायला अगदी किरकोळ रक्कम भरा. दोन रुमाल येतील एवढी. औपचारिकता हो.” मुलाने औषधांसाठी बँकेचं खातं फोनवर घालून दिलं होतं. माईंनी गुप्त आकडे दाबले. त्याने ते पाहिले. पाच वाजून गेले तरी फोन चालू होता आणि माईंचा हात कानाशी आखडला होता. सहाला दहा कमी असताना तो म्हणाला, “झालं काम, आई. निश्चिंत राहा.”

सहा वाजले. वीज गेली नाही. माईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि अण्णांना म्हणाल्या, “अहो, मी आज एक मोठं काम केलं.”

अण्णांच्या आजारपणासाठी बाजूला ठेवलेलं सगळं त्या वेळेपर्यंत खात्यातून गेलं होतं.

मुलगा सातला घरी आला. बँकेचा संदेश त्याने बूट काढता-काढता वाचला. त्यानंतर त्या घरात जे झालं ते इथे सगळं लिहीत नाही, कारण तुम्हांपैकी कित्येकांनी ते आपापल्या घरात ऐकलेलं आहे.

“कुणी सांगितलं होतं तुला फोन करायला? अक्कल गहाण टाकली होतीस का?”

“अरे, मशीन बंद पडलं असतं...”

“मला का नाही विचारलंस?”

“तूच म्हणालास ना, घर जळत असेल तरच...”

“म्हणजे आता माझीच चूक!”

ज्याने लुटलं तो कुठेतरी निवांत बसला होता, त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. माई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. “पोलिसांत जाऊ या का?” असं त्यांनी एकदाच विचारलं.

“जा! म्हणजे ते पहिलं विचारतील, बिल कुणाच्या नावावर आहे. काकाला कळेल. इमारतीत कळेल. डॉक्टर मला कामं देतात ती विश्वासावर. माझ्या घरात असा मूर्खपणा होतो हे कळलं तर कोण देईल?” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची, आई. घराबाहेर एक शब्द जाता कामा नये. सिस्टरांनासुद्धा नाही.”

वाचकहो, ही म्हण आपण मोठ्या शहाणपणाने वापरतो. पण मूठ झाकून धरली म्हणून आत काही उरतं का? उलट झाकलेल्या मुठीवरच या चोरांचा धंदा चालतो. त्यांना आपल्या भोळेपणाइतकाच आपल्या लाजेचा आधार असतो. एकीने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, की दुसरीचा पत्ता त्यांना बिनधोक मिळतो.

आठ दिवस गेले. माई बोलेनाशा झाल्या. फोन वाजला की दचकत. दारात कुणी आलं की आधी मुलाकडे बघत. सिस्टर एकदा येऊन अण्णांची नळी बदलून गेल्या आणि म्हणाल्या, “माई, तुमचा चेहरा असा का? रक्त तपासून घ्या.” माई “हो” म्हणाल्या, आणि सिस्टरांची पाठ वळल्यावर डोळे पुसले. सांगून टाकावं असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. खरं म्हणजे त्या दिवशी सांगायला हवं होतं. कुणी अडवायलाही घरात नव्हतं.

नवव्या दिवशी सुट्टी होती. मुलगा घरीच एक कवळी घासत बसला होता. दुपारी जिन्यावर तो ओळखीचा, एका पायावर जोर देणारा आवाज आला. सिस्टर एरवी वीज गेल्याखेरीज अशा अवेळी येत नसत. दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि फोन हातात पालथा धरलेला होता.

“माई, एक विचारायचं होतं. मला मगाशी विजेच्या ऑफिसातून फोन आला. म्हणे, आज सहाला माझी वीज तोडणार. मी काही अशी तशी ऐकणारी नाही, म्हटलं, कशावरून तुम्ही ऑफिसातले? तर म्हणतो कसा, ‘दुसऱ्या मजल्यावरच्या माईंचं काम मागच्या आठवड्यात मीच करून दिलं. अण्णांचं मशीन बंद पडू दिलं नाही. जा, त्यांनाच विचारून या.’ आता त्याला अण्णांचं मशीन कसं माहीत असेल, ऑफिसातला नसला तर? म्हटलं, माईंना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.” त्या थांबल्या. “आला होता का हो असा फोन? झालं का तुमचं काम?”

घासण्याचा आवाज थांबला.

माईंनी मुलाकडे पाहिलं. तो मान वर न करता बसला होता, पण हातातली कवळी त्याने घट्ट आवळली होती. त्याने नकारार्थी मान हलवली. अगदी थोडी. खाटेवरून अण्णा बघत होते, त्यांना बोलायला श्वास जमेना.

“माई?”

त्या बाईला अख्ख्या जगात एका माणसाची साक्ष पुरेशी वाटली होती. माईंना हे समजत होतं. आपण “नाही” म्हटलं तर ती वाचेल, हेही समजत होतं. पण आठ दिवस ज्या घरात त्यांना मूर्ख, वेंधळी, म्हातारचळ लागलेली ठरवलं होतं, त्या घराची अब्रू त्या क्षणी त्यांच्या जिभेवर बसली.

“हो,” माई म्हणाल्या. “आला होता. झालं काम.”

“चला, जीव भांड्यात पडला!” सिस्टर हसल्या. “उगाच संशय घेत होते मी. येते. फोन चालूच ठेवलाय त्याने, खोळंबला असेल बिचारा.”

म्हणजे त्या पालथ्या फोनमधून पलीकडे तो सगळं ऐकत होता. माईंनी दिलेली साक्षही त्याने ऐकली.

जिना उतरणारी पावलं माईंना शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली. त्यांनी दोनदा दाराच्या कडीला हात लावला. दोन्ही वेळा मुलगा म्हणाला, “आई, बस.”

“अरे, पण ती...”

“ती नर्स आहे, हुशार आहे. बघेल तिचं ती. आणि सांगून तरी काय सांगणार? की मगाशी खोटं बोललीस?”

एकदा बोललेलं खोटं असं माणसाला खुर्चीला बांधून ठेवतं. माई बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खालून काहीच कळलं नाही. दहा वाजता माई खाली गेल्या. दार लोटलेलं होतं. सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या. समोर इस्पितळाची फाईल उघडी होती, आणि त्या फोनवर कुणाला तरी शांत आवाजात सांगत होत्या, “नाही, पुढची तारीख नको. रद्दच करा. नाही जमायचं आता.”

फोन ठेवून त्यांनी माईंकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर माईंना बरं वाटलं असतं.

“मी तुम्हाला विचारायला आले होते, माई,” त्या म्हणाल्या. “त्या गुडघ्यावर चाळीस पायऱ्या चढून आले होते.”

 माई वर आल्या, आणि तशाच खाटेशी जाऊन बसल्या. मुलगा कामाला निघायच्या तयारीत होता.

“गेले तिचे,” माई म्हणाल्या. “सगळे गेले. गुडघा गेला तिचा. मी पोलीस ठाण्यात चाललेय.”

“वेड लागलंय का तुला? आता तर मुळीच जायचं नाही! तू ‘हो’ म्हणालीस, ती आपल्यावरच तक्रार करेल. लोक म्हणतील, आपणही त्या चोराला सामील होतो!”

“होतोच सामील,” माई म्हणाल्या. “त्याने पहिली लबाडी केली. दुसरी आपण दोघांनी केली.”

तेवढ्यात अण्णांनी हात उचलला. ते एकेक शब्द श्वासाच्या मधे बसवत बोलत. “माझ्यासाठी... घाबरली... तुझी आई. तिला... चोर केलंस तू.” ते थांबले, मशीन घरघरत राहिलं. “बिल... माझ्या नावावर कर. धाकट्याची... सही माग. भांडू दे... त्याला. भांडणाने... कुणी मरत नाही.”

मुलगा खाली मान घालून उभा राहिला. माईंनी पर्स घेतली.

“तू थांब अण्णांजवळ,” त्या म्हणाल्या. “आज लोकांचे दात थांबतील.”

ठाण्यातली अंमलदार तरुण होती. तिने सगळं लिहून घेतलं. फोन पाहिला, ते ॲप काढायला लावलं, बँकेला कळवायला लावलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, “आजी, त्याच संध्याकाळी आला असतात तर पैसे वाटेत अडवायचा प्रयत्न तरी करता आला असता. आता सांगता येत नाही. दहा दिवस का थांबलात?”

“घराची अब्रू जपत होते,” माई म्हणाल्या.

“आणि त्या दुसऱ्या बाईंनी अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवला?”

“त्याच्यावर नाही ठेवला त्यांनी. माझ्यावर ठेवला. तो मला विचारायला सांगत होता आणि मी ‘हो’ म्हणाले. हेही लिहा.”

“हे लिहायलाच हवं असं नाही. तुम्हाला त्रास होईल उगाच.”

“लिहा,” माई म्हणाल्या. “गुडघा तिचा गेलाय.”

परत येईपर्यंत दुपार झाली. माईंनी सिस्टरांचं दार वाजवलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. मग माई बंद दारासमोर उभ्या राहून सगळं बोलल्या. फोन कसा आला, त्याने कसं “आई” म्हटलं, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सिस्टरांचं एकटेपण त्याला कसं सांगितलं, नंतर काय झालं, आणि काल त्या का खोटं बोलल्या. मुलाचं नाव त्यांनी पुढे केलं नाही. जीभ माझी होती, एवढंच म्हणाल्या. जिन्यावरून जाणारी दोन माणसं थबकून ऐकत राहिली. माई थांबल्या नाहीत.

दार थोडं उघडलं. सिस्टरांचे डोळे सुजलेले होते.

“हे काल सांगायला हवं होतं, माई,” त्या म्हणाल्या, आणि दार पुन्हा बंद झालं.

  माई जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर मुलगा दारात वाट बघत होता.

“आई, झालं ना आता? आत ये. खाली सगळे ऐकत होते. लोक हसतील.”

“हसू देत,” माई म्हणाल्या. “हसले तर लक्षात राहील त्यांच्या.”

स्वतःच्या दारावरून त्या पुढे गेल्या. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे एक नवं जोडपं राहायला आलं होतं, त्यांच्याशी माईंची धड ओळखही नव्हती. त्यांनी घंटी वाजवली. ओले हात पुसत बाई दारात आली आणि सवयीने म्हणाली, “या ना आजी, बसा.”

“बसायला नाही आले,” माई म्हणाल्या. “मी कशी फसले आणि माझ्यामुळे दुसरी कशी फसली, ते सांगायला आलेय. पूर्ण ऐकून घ्या. हसायचं असेल तर नंतर हसा.”